घर ओढण्याचा दिवस

पाद्रीबाबा आमच्या बेटावर वर्षातून दोनदा येतात,
समुद्राने येऊ दिलं तर.
बाकीचे सगळे रविवार माझ्या नवऱ्याचे.
बाउदिलिओ चिगुआय, देवळाचा फिस्काल.
बटाटे लावणारा, जाळी सांधणारा,
आणि लाकडी देवळात पुढे उभा राहून
सतरा-अठरा माणसांची प्रार्थना
घोगऱ्या आवाजात ओढत नेणारा.
त्याचा बाप हेच करायचा. त्याचा आजाही.

गेल्या ऑगस्टपासून तो एका ओळीपाशी अडतो.
स्वर्गातल्या बापाला हाक मारतो,
नाव, राज्य, सगळं नीट म्हणतो,
मग ‘तुझ्या मनासारखं होवो’ जिभेवर येतं
आणि येत नाही.
आवंढा गिळून तो जमिनीच्या फळीकडे बघत राहतो,
तिथे एक खिळा वर आलाय.
लोक ती ओळ आपापली म्हणून टाकतात,
तो भाकरीपाशी त्यांना पुन्हा गाठतो.
कुणी विषय काढत नाही.
बेटावर सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

नेफ्ताली आमचा थोरला,
सामन माशांच्या पिंजऱ्यांवर पाणबुड्या.
खोल पाण्यात हवेची नळी गुदमरली, हा घाईने वर आला,
आणि पाय खालीच राहिले.
विचारणाऱ्यांना मी असंच सांगते.
डॉक्टर वेगळं सांगतात, रक्तातल्या बुडबुड्यांचं.

मी काय मागितलं नाही!
क्रूस वाहणाऱ्या लाकडी येशूपुढे बसून म्हटलं,
माझे घे. गुडघे कुरकुरतात, पण चालतात अजून.
तूही त्या रात्री बागेत मागितलंस ना,
हा प्याला नको म्हणून? एकदा नाही, तीनदा.
मग मी मोजू कशाला?
(तुलाही नकारच मिळाला होता,
हे मी विसरलेले नाही.)
शेजारची डेल्मिरा म्हणाली,
देव आपल्या लाडक्यांनाच पारखतो.
मी तिच्या कपात साखर घातली, दोन चमचे,
आणि ढवळत बसले.

आमचं घर टेकडीवर. चाकांची खुर्ची चढेना.
मग गावाने ठरवलं, घरच खाली आणायचं,
जुन्या रीतीने, मिंगा करून.
सहा बैलजोड्या, ओंडके, मनगटाएवढे दोर.
भांडी काढली, चूल काढली,
पडदे मात्र राहिलेच माझ्याकडून.

दोराला हात लावण्याआधी प्रार्थना फिस्कालने म्हणायची.
बाउदिलिओने टोपी काढली.
नाव. राज्य.
मग तो थांबला.
या वेळी कुणीच पुढे म्हणेना.
चाळीस माणसं, बैलांच्या नाकांतून वाफ,
खाली ओहोटी सरत आलेली.

तेवढ्यात उताराच्या पायथ्याशी, खुर्चीतून,
नेफ्ताली ओरडला, ‘होवो! होवो!
चला आता बाबा, चिखल काय दिवसभर थांबणार आहे?’
कुणीतरी हसलं. बहुतेक मीच.
बाउदिलिओने टोपी खिशात कोंबली
आणि दोर खांद्यावर घेतला.

घर आधी हललंच नाही. मग कण्हलं.
मग वीतभर सरकलं,
आणि माझे पडदे फडफडवत
निघालं टेकडी उतरून, म्हाताऱ्या बाईसारखं,
खालून पोरगा हात हलवून सांगतोय,
डावीकडे! अहो, डावीकडे!

आता ते धक्क्याजवळ उभं आहे, जरासं तिरकं.
टेबलावर चमचा ठेवला तर घरंगळतो.
त्या रात्री मेजवानी आटोपली,
माणसं पांगली, नेफ्ताली स्वतःच्या हाताने
दार लोटून आत आला आणि झोपला.
अंधारात बाउदिलिओ पुटपुटला,
‘तुझ्या मनासारखं...’
पुढचा शब्द आला नाही.

मीही तो म्हटला नाही.
दोराने त्याचा खांदा सोलला होता, तिथे
मेंढीची चरबी लावत राहिले,
हळूहळू, पुष्कळ वेळ.
भरतीचं पाणी जवळून ऐकू येत होतं,
पूर्वीपेक्षा बरंच जवळून.