दोन मापं

कातडं बघायला डोळे लागत नाहीत.
अंगठा फिरवला की कळतं,
कुठं गोचीड चावलेली, कुठं काट्याचा जुना वण,
कुठली पाठ, कुठलं पोट.

दुर्वाच्या चपलेचं माप घेताना
उजव्या तळव्याच्या खळग्यात
अंगठा थांबला.
बोराएवढं.
दुखत नाही म्हणाली,
गुदगुल्या होतात म्हणून पाय ओढून घेतला.

डॉक्टर मगदूम म्हणाले, हाडात नाही, मऊ भागात आहे.
मऊ म्हटल्यावर मला बरं वाटलं.
अडाणीच मी.
मऊ तेच आधी नासतं,
हे चामड्याच्या माणसाला
दुसऱ्यानं सांगावं लागलं.

मग बेचाळीस आठवडे.
नळीतनं उतरणारं लाल औषध,
उशीच्या अभ्र्याला चिकटलेले केस.
कटाचा वास आला की ओकायची,
म्हणून रिक्षावाले बाबूमामा
मिसळीची दुकानं चुकवत
सुभाषनगरातनं भलताच वळसा घालून न्यायचे,
आणि मीटर मात्र जुन्याच रस्त्याचा लावायचे.

शंभरातली सत्तर वाचतात, असं कळलं.
मी डोळ्यांपुढं शंभर जोड मांडले.
तीस उचलून बाजूला ठेवायचे.
कुठले तीस?

शेजारच्या खाटेवरच्या नेसरीच्या इरफाननं
पेपरवर पाय ठेवून माप दिलं होतं.
पेन्सिल फिरताना हसत होता.
'काका, करकर वाजणारी करा.'
विंचू घालून शिवली.
फळीवर आहे.

किरणांनी गाठ गेली,
तसा पायही वाढायचा जरा राहिला.
सहा वर्षं झाली. डावा चारचा, उजवा तीनचा.
माझ्या हातच्या चपलेला काय,
दोन मापं, दोन फर्मे,
कुणाच्या बापाला कळतंय.

पण परवा म्हणाली,
पप्पा, बूट पाहिजेत. दुकानातले.
सगळ्यांच्या असतात तसले पांढरे.

महाद्वार रोडला दुकानदार म्हणाला, जोड फोडत नाही.
दोन जोड घेतले.
एकेक घालून पळाली,
लेस लोंबतीय म्हणून ओरडलो, तर वळलीसुद्धा नाही.

उरला डावा तीनचा, उजवा चारचा.
पिशवीत घालून आज वॉर्डात गेलो.
म्हटलं, सिस्टर, रजिस्टर बघा की जरा,
दुर्वाच्या मागनं आलेलं,
डाव्या पायाचं
कुणीतरी असंल.

त्या चष्मा लावून पानं उलटत होत्या.
मी दारात उभा,
पायताण बाहेर काढून.