शिडी आणि घागर

गिरणीची उत्तरेकडची भिंत स्टँडच्या तोंडावर,
म्हणून ती माझ्यापेक्षा जास्त कमावते.
गेल्या खेपेला दिलावर शिकलगारनं तिच्यावर
शिडी काढली,
आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर घागर.
दोन पक्ष, एक चौकट, एकच बिल.
ते कुणी भरायचं यात दोन महिने गेले.
दिल्लीतलं नंतर मोडलं,
कवठेमहांकाळातलं आधीच.

तेरा महिन्यांत सरकार पडलं.
एका मतानं, असं रेडिओ म्हणाला.
दळणाच्या रांगेतली एकही बाई हसली नाही.
इथं ओंजळभर पीठ कमी भरलं
तर सासू डबा परत पाठवते.
एक मत म्हणजे केवढं
हे आम्हाला शिकवायला नको.

सकाळी शिडीवाले आले : घागर पुसा.
दुपारी घागरवाले आले : शिडी पुसा.
दिलावर मधोमध, हातात डबा.
"चुन्याचे पैसे?"
दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं,
तेवढ्यापुरती युती अजून शाबूत होती.
"लावा म्हणावं चुना," दिलावर पुटपुटला,
"पर ह्यो माज्या उधारीचा हाय."

शेवटी त्यानं मधून रेघ मारली.
डावीकडं शिडी, कशालाच न टेकलेली.
उजवीकडं घागर, बुडाखाली नुसती हवा.

चार दिवसांत चुना वाळून पातळ झाला
नि शिडीच्या टोकावर
जुनी घागर परत दिसायला लागली,
पुसट, तांबूस, कानाकोपऱ्यासकट.
मी दाखवली.
"एका हातात गेरू मरत न्हाई, वैनी.
दुसरा हात द्यावा लागतो.
आन् दुसऱ्या हाताचं पैसं
आजवर कुनी दिल्यालं न्हाईत."

जीपमधून उमेदवार आला, गेल्या वेळचाच.
तेव्हा म्हणाला होता, आमच्यात भेद मानू नका.
आता म्हणाला, भेद ओळखा.
भिंतीकडं त्यानं बघितलं नाही.
पट्ट्याचा आवाज फार होतो म्हणून
गिरणी बंद करायला लावली,
पाच मिनिटं म्हणून तास घेतला.
तेवढ्यात तिघींचं दळण राहिलं.

मतदानादिवशी पहाटेच
लग्नघरची दोन पायली ज्वारी काढली
नि तशीच मराठी शाळेत गेले.
टेबलाशी तेच मोहिते गुरुजी,
तोच मफलर, तीच बाटली.
"परत आलात, आक्काताई?"
"तुमीबी आलायसा की."
त्यांनी बोट धरलं. शाई धरेना.
नखाच्या कडेला पीठ बसलेलं,
वीस वर्षांचं असेल त्यातलं थोडं.
"पुसून घ्या जरा."
पदराला पुसलं. पदरातही पीठच.
मागं रांग चुळबुळायला लागली,
गुरुजींनी तिसऱ्यांदा काडी बुडवली.

"घाई न्हाई," मी म्हटलं,
"नीट लावा.
ह्या बारीला पाच वर्सं टिकाय पायजे."