एक दाता

जॅक आसाखाली लावायचा नाही,
चौकटीच्या लोखंडाखाली लावायचा,
हे डेल्मर तीनदा सांगून गेला
आणि चौथ्यांदा सांगायला कुंपणापाशी थांबला.

मी पाठीवर. खडी मणक्यांत.
वर आर्विडचा ट्रेलर, सतरा फुटी,
डावीकडे कललेला,
तो स्वतः चर्चच्या दाराशी उभा राहायचा तसा:
एका पायावर भार, लवकर निघायच्या बेतात.
मी त्याला आर्विडच म्हणायचे.
आई पंचावन्नची असताना आला,
तोवर 'बाबा' हा शब्द माझ्याकडून वापरून झाला होता.

याला पाटे नाहीत.
चौकोनी नळीत तिरका बसवलेला चौकोनी दांडा
आणि चार कोपऱ्यांत रबराचे चार दोर,
एका बाकावर चार भाऊ दाटीनं बसावेत तसे.
खड्डा आला की दांडा वळतो,
रबर पीळ खातं
आणि परत देतं.
ना तेल, ना कुरकुर.
सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात.
इथं सुंभ धडधाकट आहे,
पीळच दमलाय.
एकोणीस हिवाळे वजन धरून ठेवलं
की रबराला वाटायला लागतं
हीच आपली विसाव्याची जागा.

"किती?" आई विचारते.
ती पुढे, कपलरपाशी,
टेपचं टोक धरून चौऱ्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांवर.
उजवीकडे चौदा फूट दोन इंच.
डावीकडे दोन सूत कमी.
"दोन सुतांनी काय होतंय?"
दोन सुतांनी, आई, चाक
हावरपासून मिनॉटपर्यंत
जरा वेगळ्याच गावाला निघालेलं असतं
आणि टायर आतल्या कडेनं स्वतःला खात बसतो.
ती काही बोलत नाही.
टेप मात्र थोडी हलते.

टोकाच्या पट्ट्यांत पत्रा घालून दोन सूत भरून काढले.
मग नट. मग गंज. मग पुन्हा तेल आणि वाट पाहणं,
रेल्वेलाइनीवरून गव्हाची एक अख्खी मालगाडी जाईपर्यंत.
जुन्या जागेवर खडूची खूण केली
आणि हात उपसून काढला, दाते उघडे पडले,
आतून अजून नवे, चकचकीत.
एक दाता खाली फिरवला की गाडी इंचभर उचलते.
अर्धा दाता नसतो.
मला पाऊण इंच हवा होता.

उतरवला तेव्हा ट्रेलर बरा दिसत होता,
केस विंचरलेल्या माणसासारखा.
तेवढ्यात आई आतून कॉफीचा डबा घेऊन आली.
"हे डाव्या बाकाखाली होतं."
डब्यात गारगोट्या. यलोस्टोन नदीकाठच्या,
ओल्या केल्या की आत झाडं दिसतात त्या.
मग दुसरा डबा. मग सहावा.
अकरा डबे, प्रत्येकावर त्याच्या अक्षरात वर्ष,
आणि सगळे डाव्या बाजूला,
कारण उजव्या बाजूला तिचे पांघरुणांचे कप्पे.

अकरावा डबा गवतावर आला
तसा ट्रेलर हळूच उजवीकडे झुकला.
"आता उजवाही एक दाता," डेल्मर कुंपणावरून.
आई म्हणाली, "नको. पाच तिकडे ठेव, पाच इकडे."
आणि अकरावा?
तिनं तो पिकअपच्या पुढच्या सीटवर ठेवला
आणि वरून पट्टा लावला.

मी दारात लेव्हल धरून बसले.
आई आत पातेली लावत हिंडत होती,
बुडबुडा तिच्यामागे, डावीकडे, उजवीकडे.
बेसिनपाशी ती थांबली
आणि तो बरोब्बर दोन रेघांमध्ये आला.
"आता हलू नकोस," मी म्हणाले.
"किती वेळ?"
मला सांगता येईना.

"पन्नास मैलांवर नट पुन्हा आवळा,"
डेल्मर म्हणाला, आणि अखेर घरी गेला.