दुपारचा झोळ

साडेअकरा वाजले की पडद्यावरची रेघ खाली यायला लागते.
दोनच्या सुमाराला तिला असा झोळ पडतो
जसा सुंभाच्या बाजेला,
मधोमध कुणी जाड माणूस बसल्यावर.

पूर्वी हीच वेळ आमच्या डोक्यावर नाचायची.
एप्रिलातलं पंचेचाळीस अंश, घरोघरी कूलर,
आणि आम्ही कोळसा ओतत राहायचो
पंगतीत वाढप्यांनी वरण ओतावं तसा.

आता फोन येतो : उतरवा.
किती?
अजून उतरवा.

नवा पोरगा नेहेते रेघेवर बोट ठेवून म्हणतो,
‘साहेब, यात काहीतरी झोळ आहे.’
मी हसतो. आहेच.
तो वरणगावला राहतो
आणि माझी सख्खी थोरली बहीण लागतो.

द्वारकाच्या गच्चीवर एकेकाळी बिबडे वाळत.
उन्हाळ्यात पाऊल टाकायला जागा नसे.
सुट्टीत गेलो की कावळे हाकायची ड्यूटी माझी.
गेल्या दिवाळीनंतर तिथे दहा काळ्या पाट्या बसल्या
दक्षिणेकडे तोंड करून,
फोटोसाठी मांडलेल्या वऱ्हाडासारख्या.
बिबडे आता खालच्या खोलीत, विजेच्या पेटीत वाळतात.
ऊन तेच.
आधी थेट पडायचं, आता तारेतून वळसा घालून येतं.
उरलेलं ती आमच्याकडे धाडते, न विचारता,
शेजारणीकडे वाटीभर भाजी धाडावी तसं.
वाटी रिकामी परत यायची नाही,
एवढं मात्र तिने कंपनीकडून लिहून घेतलंय.

कपड्यांचं मशीन तिने पहाटेवरून बारावर आणलं.
नातू स्कूटर दुपारीच लावतो चार्जिंगला.
सावद्याला केळी पिकवणाऱ्यांनी कंप्रेसर उन्हावर ढकलले.
कुणी मोर्चा काढला नाही, ठराव केला नाही.
एकेका घराने एकेक बटण
चार तास इकडे-तिकडे सरकवलं,
आणि इथे, सात मजली बॉयलरला
धाप लागली.

नळ्यांना हे मानवत नाही.
तापवा, निववा, पुन्हा तापवा. लोखंडालाही वय असतं.
कोळशाच्या वाघिणी यार्डात उभ्या,
जेवायला बोलावून ओट्यावरच बसवलेल्या पाहुण्यांसारख्या.

द्वारकाच्या मागल्या खोलीत शोभा सपकाळे भाड्याने राहते.
इस्त्री करते. गच्ची तिची नाही,
म्हणून ऊनही तिचं नाही.
ती विचारते, ‘भाऊ, दुपारी ईज इतकी उरते म्हनता,
मंग माह्या बिलात काऊन उतरत नाही?’
बावीस वर्षं युनिट चालवतोय.
या प्रश्नाचं बटण माझ्या टेबलावर नाही.

रविवारी गेलो की द्वारका ओलं फडकं हातात देते.
‘तुह्या चिमणीची राख माह्या पाट्यांवर बसते,
रोजचं युनिटभर खाते. पुस आता तूच.’
मी पुसतो.
बोटांना लागलेली राख आमचीच,
घरच्या मसाल्यासारखी लगेच ओळखू येते.
ती चहा ठेवते, शेगडीवर. इंडक्शनची.
‘तुही नोकरी टिकंल ना रे?’ विचारते
आणि उत्तराआधीच साखर टाकते.

पावणेसात.
ऊन तापीपल्याड सरकलं की फोन पुन्हा : चढवा.
किती?
असेल तेवढं.
बाजेवरून जाड माणूस उठावं
तशी रेघ ताणून उभी राहते. नेहेते उभा राहतो.
मीही, खुर्ची सोडून, उगाच.

इथून दहा किलोमीटरवर
द्वारकाने स्वयंपाकघरातला दिवा लावला असेल.
तिच्या दिव्यात आता पुन्हा मी आहे.
भरताची वांगी मात्र ती अजून
परसात, कपाशीच्या काड्यांवर भाजते.
त्याची नोंद
कुठल्याच पडद्यावर होत नाही.