पुलावर दुकानं नसतात

गेरविन आधी घड्याळांच्या दुकानापाशी थांबायचा.
मला वाटायचं, निवृत्तीनंतर माणसाला
वेळेचं कौतुक वाटत असेल.
मग पावाच्या दुकानापाशी. मग दिव्यांच्या.
मग बायकांच्या टोप्यांच्या काचेसमोर
इतका वेळ, की मी म्हटलं,
घेतोस का एखादी?
तो हसला. पोटरीकडे हात नेला नाही.

सदतीस वर्षं ट्राम चालवलेला माणूस,
थांबे त्याच्या अंगवळणीच पडलेले.
मीही त्याच्याबरोबर थांबत गेले,
लोकर महागली, म्हणत.

नाइस नदीपलीकडे, पोलंडात, सिगारेटी स्वस्त.
दर शनिवारी पूल ओलांडायचा.
पुलावर दुकानं नसतात.
फेब्रुवारीतल्या एका सकाळी
तो मध्यावरच कठडा धरून उभा राहिला
आणि पाण्याकडे असा बघत बसला
जसं काही तिथे विक्रीला मांडलंय.
"बदकं," म्हणाला.
बदकं नव्हती.

डॉक्टर शिमचाकबाईंनी त्याच्या पावलावर
दोन बोटं ठेवली, सरकवली, पुन्हा ठेवली,
परक्या घरात, अंधारात,
दिव्याचं बटण चाचपावं तशी.
नाडी लागली नाही.
मग म्हणाल्या, आपल्याकडे याला
दुकानांच्या काचांचा आजार म्हणतात.
रक्त पोचत नाही, पाय ओरडतो,
आणि माणूस लाजेखातर बघायला काहीतरी शोधतो.
मी पर्समध्ये रुमाल शोधत होते. उगीचच.

सिगारेटी सोडल्या म्हणतो.
कोटाच्या अस्तराला वास येतो.

आता मज्जातंतूही उपाशी.
गुरुवारी मोज्यातून टाचणी निघाली,
टाचेवर रक्ताचा वाळका ठिपका.
त्याला पत्ताच नाही.
आणि रात्री त्याच पायाची बोटं
निखाऱ्यात खुपसल्यासारखी पेटतात,
चादरसुद्धा सोसत नाही.
ज्याला टाचणी कळली नाही
त्याला चादर कशी कळते,
हे मी विचारलं होतं. उत्तर लांबलचक होतं.

तो पाय पलंगाखाली सोडून
बसल्या बसल्याच डुलक्या घेतो.
पाय लोंबता ठेवला की थोडं रक्त
उताराने का होईना, येतं म्हणे.
मी जमिनीवर बसून
त्याची गार टाच तळहातात धरते.
तो वरून अंधारात विचारतो,
"धरलीयेस?"
मी म्हणते, हो.
हात अवघडून काढून घेतल्यावरही
म्हणते, हो.