पेटी क्रमांक अकरा

नोटांच्या छापखान्यात एकतीस वर्षं
मी दोषच शोधले:
सरकलेली रेघ, फिकी शाई.
निवृत्तीनंतर नाजनीन म्हणाली,
काकू, डोळे शाबूत आहेत ना? मग या.

तांबट आळीत, दुसऱ्या मजल्यावर,
द्राक्षांच्या पेट्यांत काचा.
आकाश इथं उलटं:
रात्र पांढरी, तारे काळे,
सांडलेल्या खसखशीसारखे.

गायधनी सरांनी एकसष्टच्या माघात
गंगापूरच्या माळावर, कानटोपी घालून,
तासभर धरून ठेवलेला उजेड.
काचेच्या पाठीवर त्यांच्या निळ्या शाईचं
एक वर्तुळ. शेजारी बारीक तिरकं अक्षर:
हा हलतो का?

स्कॅनरला शाई चालत नाही.
नाजनीननं आधी शाईसकट फोटो घेतला,
वहीत नोंद केली
आणि कापसाचा बोळा माझ्या हातात दिला.

शाई पुसायची?
मी?

खाली घागरीवर ठोके पडत होते.
चार ठोके थांबले, मग पुसलं.
बोळा निळा झाला. टाकवेना,
चष्म्याच्या डबीत ठेवला.

तीन दिवसांनी आजच्या आकाशाशी ताडून
आकडा आला.
साठ वर्षांत काचेवर दोन केसांइतका,
पण हलतो.
तारखेचा गोंधळ नाही, काचेचा दोष नाही.
मी दोनदा पाहिलं, सवयीनं.

सर जाऊन बावीस वर्षं झाली.
नव्या पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं:
हो सर, हलतो.
नाजनीननं वाचलं, काही बोलली नाही.

पुढच्या काचेला बुरशी आहे,
कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा,
आणि तारीख अर्धीच.