मोटारीतली अंडी

खिडकी क्रमांक चारवर विजदान उभी राहिली,
तिसऱ्यांदा.
मी पडदा तिच्याकडे वळवला, नियमात बसत नाही तरी:
बघ बाई, तुझ्या नावे मोटार आहे.
गुण यंत्राने कापले. मी नाही.

ती हसली.
तफीलाच्या चढावर, नवरा गेला त्या वर्षापासून
उभी आहे ती गाडी.
चाकं विकली, काचा विकल्या,
मागच्या सीटवर कोंबड्या बसतात.
"विचार तुझ्या यंत्राला,
कोंबड्यांना लायसन लागतं का?"

अम्मानहून आलेले साहेब म्हणाले होते,
यंत्राला ना भाऊ ना भाचा,
ते वशिला ओळखत नाही.
खोटं नव्हतं. माझ्या आधीच्या कारकुनाला
सात भाचे होते, सातही अनुदानावर.

पण त्याला निदान तो चढ चढता यायचा.

अर्जात त्रेपन्न रकाने.
'चालते का?' असा एकही नाही.
मी शोधला. वरून खाली, मग खालून वर.

जाताना तिने खिडकीतून
एक अंडं आत सरकवलं, अजून कोमट.
लाच नव्हे, म्हणाली, पुरावा.

दुपार टळली.
जोडपत्राच्या जागी पडदा विचारतोच आहे:
कागद, की फोटो?